‘आवाज ऐकू येतात का?’ प्रौढांमधला ऑटिझम आणि चुकलेली निदानं

मानसोपचारतज्ज्ञांचा एक ठरलेला प्रश्न असतो: ‘इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का?’ ऑटिझम (स्वमग्नता, म्हणजे मेंदूच्या जडणघडणीतलं बालपणापासूनचं वेगळेपण) असलेली प्रौढ व्यक्ती या प्रश्नाचा शब्दशः अर्थ घेऊन ‘हो’ म्हणू शकते. ट्यूबलाइटची गुणगुण, पलीकडच्या खोलीतल्या फ्रिजची घरघर तिला खरोखरच ऐकू येते, त्रासही देते. नोंद मात्र भास होतात अशी होते. त्यात एकसुरी बोलणं, नजर टाळणं आणि चेहऱ्यावर न उमटणारे भाव आले, की स्किझोफ्रेनियाची, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराची, शंका यायला कितीसा वेळ लागणार?

हा घोळ जुना आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं सविस्तर वर्णन केलं, पण अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान मिळायला १९८० साल उजाडलं. तोवर अशी मुलं बालपणीच्या स्किझोफ्रेनियाच्या खात्यात जमा होत. नंतरही बरीच वर्षं लक्ष लहान मुलांवर, त्यातही मुलग्यांवरच राहिलं. नीट बोलणारी, परीक्षा पास होणारी मुलगी कुणाच्या नजरेत भरणार?

अशा मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्या माथी बरेचदा बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचा शिक्का बसतो. भावनांचे उद्रेक, तुटणारी नाती, स्वतःला इजा करणं, ‘मी नक्की कोण’ हा गोंधळ ही त्या विकाराची लक्षणं ऑटिझममध्येही दिसू शकतात. कारणं मात्र वेगळी असतात. बॉर्डरलाइनमध्ये उद्रेकामागे बहुधा जवळचं माणूस आपल्याला सोडून जाईल ही भीती असते. ऑटिझममध्ये तो गोंगाटाने, प्रखर उजेडाने किंवा ऐनवेळी बदललेल्या बेतानेही होऊ शकतो. आणि ‘मी कोण’ हा प्रश्न पडतो तो वर्षानुवर्षं इतरांची नक्कल करून. हसायचं कधी, नजर किती वेळ भिडवायची, पुढचं वाक्य कोणतं, हे सगळं आधीच पाठ केलेलं असतं. यालाच मास्किंग म्हणतात. तपासणीच्या अर्ध्या तासात ते उत्तम जमतं, म्हणून तर ऑटिझम दिसत नाही. दिसतो तो मास्किंगमधून आलेला थकवा, आणि त्याला नैराश्य म्हटलं जातं.

मंत्रचळाशी (ओसीडी, म्हणजे तोच तो विचार आणि तीच ती कृती यात अडकवणारा विकार) होणारी गल्लत त्या मानाने सोडवायला सोपी. मंत्रचळात माणसाला तो विचार नकोसा असतो, कृती केली नाही तर अनर्थ होईल असं वाटत राहतं. ऑटिझममधला रोजचा ठरलेला क्रम बहुधा हवासा असतो, त्याने जीव शांत होतो.

‘कसं वाटतंय?’ या साध्या प्रश्नानेही फसगत होते. ऑटिझम असलेल्या सुमारे निम्म्या व्यक्तींना स्वतःच्या भावना ओळखणं आणि शब्दांत सांगणं अवघड जातं. ‘माहीत नाही’ हे त्यांचं प्रामाणिक उत्तर असतं. ऐकणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते. याचा दोष मी रुग्णाला देणार नाही. प्रश्नावल्याच दुसऱ्या प्रकारच्या मनांसाठी बनवलेल्या आहेत.

ऑटिझम ठरवणारी रक्ततपासणी नाही, मेंदूचं स्कॅनही नाही. त्यामुळे सगळा भार त्या व्यक्तीच्या पूर्वायुष्यावर. स्किझोफ्रेनिया सहसा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तरुणपणी डोकं वर काढतो. ऑटिझमच्या खुणा बालपणापासून असतात. मात्र त्याच अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीने एक महत्त्वाची पुस्ती जोडली: त्या खुणा शिकलेल्या युक्त्यांखाली झाकल्या जाऊ शकतात आणि जगाच्या अपेक्षा पेलेनाशा झाल्यावरच उघड होऊ शकतात. म्हणून कॉलेज, पहिली नोकरी किंवा बाळंतपण यानंतर कुणी कोसळलं, तर त्याआधीची वीस वर्षं विचारायला हवीत. आईवडील नसतील तर भावंडं सांगतात, शाळेच्या प्रगतिपुस्तकांतले शिक्षकांचे शेरेही कामी येतात.

अर्थात आधीचं प्रत्येक निदान खोटं ठरत नाही. चिंता आणि नैराश्य ऑटिझमसोबत वारंवार आढळतात, म्हणून नवं निदान झालं की जुनी औषधं आपल्याच मनाने बंद करणं धोक्याचं. पुस्तकंही याबाबतीत उशिराच शहाणी झाली: एकाच व्यक्तीला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) ही दोन्ही निदानं एकत्र देण्याची मुभा अमेरिकी पुस्तिकेने दिली, तीही २०१३ मध्येच.