जुन्या मोटारींच्या वायपरची दुरुस्ती

मोटारीच्या पुढच्या काचेवरचे पाणी पुसणारी यंत्रणा पुन्हा नीट चालती करण्याचे काम. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर अशा गाड्यांचे वायपर मे महिन्यातच तपासून घ्यावेत.

काचेखालच्या पोकळीत १२ व्होल्टची मोटर असते. तिच्या शाफ्टवरचा वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला भाग) एक गिअर फिरवतो, गिअर क्रँकला (गिअरसोबत फिरणाऱ्या छोट्या दांडीला) आणि क्रँक दोन दांड्यांच्या लिंकेजला हलवतो. लिंकेजमुळे स्पिंडल (छोटे उभे आस) मागेपुढे वळतात आणि त्यांच्या दातांवर बसवलेले आर्म, म्हणजे रबरी ब्लेड धरणारे हात, काच पुसतात. बटण बंद केल्यावरही वायपर खाली येऊनच थांबतो, तो गिअरजवळच्या पार्क स्विचमुळे. तो मधेच थांबू लागला तर या स्विचचे संपर्क झिजलेले असतात किंवा सुकलेल्या ग्रीसने झाकलेले असतात.

वायपर मंदावला की मोटर गेली असे समजून ती बदलण्याची घाई होते. जुन्या गाडीत आधी संशय घ्यावा तो जाम स्पिंडलचा आणि कमकुवत अर्थिंगचा, म्हणजे मोटरपासून गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेचा. कळंगुट, कोलवा, वास्को अशा किनाऱ्यालगतच्या भागांत खाऱ्या हवेने पोलादी स्पिंडल आणि अ‍ॅल्युमिनियमचे हाउसिंग यांच्यामध्ये पांढरी पूड साचते आणि स्पिंडल आवळला जातो. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पानांचा कचरा काचेखालच्या पोकळीतली पाण्याची वाट बुजवतो. मग मोटर पाण्यात भिजते आणि कनेक्टरवर हिरवट गंज चढतो. पाण्याची ही वाट मोकळी केल्याशिवाय बाकीची दुरुस्ती टिकत नाही.

दोष शोधण्यासाठी क्रँकपासून लिंकेज सुटे करून मोटर एकटीच चालवावी; बोटे दूर ठेवावीत, कारण क्रँक बरीच ताकद लावतो. मोटर जोरात फिरली तर अडथळा लिंकेजमध्ये आहे. तीही मंद फिरली तर चालू मोटरची बॉडी आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांच्यातला व्होल्टेज मोजावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंगची जागा घासून धातू उघडा करावा आणि नट पुन्हा आवळावा. मोटरचा आवाज येतो पण आर्म हलत नाहीत, तेव्हा लिंकेजच्या सांध्यातला नायलॉन बुश (छोटे कडे) सुटलेला असतो, आर्मचा नट ढिला असतो किंवा गिअरचे दात गेलेले असतात. फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नये. जाम झालेल्या यंत्रणेत योग्य अँपिअरचा फ्यूजच मोटरला वाचवतो.

आर्म काढण्याआधी वायपर पार्क स्थितीत आणावा, काचेवर टेप लावून ब्लेडची जागा नोंदवावी आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. नट काढून गंज सोडवणारे तेल टाकावे, ते मुरू द्यावे आणि दोन पायांच्या छोट्या पुलरने (घट्ट बसलेला भाग ओढून काढण्याच्या अवजाराने) आर्म ओढावा. स्क्रूड्रायव्हर काचेला टेकवून उचकटू नये, काच तडकते. स्पिंडल रॉकेलने धुऊन, बारीक एमरी पेपरने घासून, लिथियम ग्रीस लावून परत बसवावा. खाद्यतेल चालत नाही. ते चिकट होऊन काही दिवसांत पुन्हा जाम करते.

ब्लेडच्या तक्रारी वेगळ्या. बारीक रेघा उमटल्या तर रबराची कड कापलेली असते. पसरट धूसरपणा राहिला तर काचेवर तेलाचा थर आहे, तो भांडी धुण्याच्या साबणाने काढावा. ब्लेड थडथडत असेल तर आर्म पिळलेला असतो. रबर काचेला काटकोनात टेकेल इतके आर्मचे टोक दोन पकडींनी वळवावे, म्हणजे प्रत्येक फेरीत कड दुसऱ्या बाजूला उलटते. परदेशी असलेल्या मालकांच्या, महिनोन्‌महिने उन्हात उभ्या गाड्यांत रबर एकाच बाजूला वाकून कडक होते. तिथे रबर बदलण्यावाचून इलाज नाही. नवे ब्लेड घेताना जुन्याची लांबी मोजावी आणि आर्मचे टोक पाहावे: पद्मिनी-अँबॅसडरसारख्या जुन्या आर्मवर आजच्या यू-हुकचे (आर्मच्या यू आकाराच्या आकड्यात अडकणारे) ब्लेड अडॅप्टरशिवाय बसेलच असे नाही.