वीरगळ (सातारा–सांगली परिसर)

लढाईत, गुरे सोडवताना किंवा गावावर आलेल्या धाडीला तोंड देताना कामी आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळेला वीरगळ म्हणतात. कानडीतील ‘वीर’ आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड यांपासून ‘वीरगल्लु’ आणि त्यावरून मराठीतील ‘वीरगळ’ हा शब्द आला. कृष्णाकाठचा हा प्रदेश कऱ्हाड–कोल्हापूरचे शिलाहार, कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव यांच्या सत्तेखाली राहिला. येथील बहुतेक वीरगळ साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकातील मानले जातात, मात्र स्मारकशिळा उभारण्याची रीत त्यानंतरही चालू होती. गावातील जुने शंकराचे किंवा भैरवनाथाचे देऊळ, त्याचे पटांगण, पार आणि वेशीजवळची जागा येथे हे दगड प्रामुख्याने आढळतात.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. शिळेवर आडव्या पट्ट्या आखून तीन किंवा चार चौकटी केलेल्या असतात. सर्वांत खालच्या चौकटीत वीर मरून पडलेला असतो किंवा झुंज चाललेली असते. वीराच्या डाव्या हातात ढाल, उजव्या हातात तलवार आणि डोक्यामागे केसांचा अंबाडा असतो, आणि तो शत्रूंपेक्षा मुद्दाम मोठा कोरलेला असतो. त्याच चौकटीत एका रांगेत उभ्या असलेल्या गाई दिसल्या, तर मरण गोधन सोडवताना आले असे समजावे. जनावरे हीच संपत्ती असलेल्या काळात गुरे पळवणे हे राजांच्या युद्धाइतकेच गावाच्या जिवावर बेतणारे होते, आणि अशा शिळांची संख्या पाहता ते नेहमीचेही असावे. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो, समोर पुजारी आणि कधी नंदीही असतो. वीर जैन असल्यास लिंगाच्या जागी तीर्थंकर येतो. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य असतात, म्हणजे आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर ही कीर्ती राहावी. कारागीर सामान्य असला तरी हा क्रम सहसा बदलत नाही, त्यामुळे एक वीरगळ नीट पाहिलेल्या माणसाला दुसरा वाचायला फारसे शिकावे लागत नाही. चारही बाजूंनी कोरलेले वीरगळही मिळतात.

सतीशिळा ही वीरगळाची जोडीदार आहे. तिच्यावर खांबातून बाहेर आल्यासारखा कोपरात काटकोनात वाकलेला हात असतो, त्यात बांगड्या भरलेल्या असतात आणि पंजा उघडा असतो. काही शिळांवर हा हात व वीराची चौकट एकाच दगडात येतात. गाय-वासरू कोरलेला दगड मात्र दानाचा आणि गाढवाची आकृती कोरलेला दगड दान मोडणाऱ्याला शाप देणारा असतो. या दोहोंना वीरगळ म्हणणे चूक आहे, तरी बोलण्यात ही गल्लत वरचेवर होते.

या परिसरातील बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. कर्नाटकात वीराचे नाव, गाव, राजाचे नाव आणि प्रसंग सांगणारे लेख मोठ्या संख्येने मिळतात, येथे ते तुरळक आहेत. सांगली जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागात, विशेषतः जत आणि मिरजेकडे, जुने शिलालेख बहुधा कानडीत असतात, तर यादवकालीन देवनागरी लेख ‘स्वस्ति श्री’ने सुरू होऊन पुढे ‘सकु’ म्हणजे शक आणि संवत्सर देतात. शकात ७८ मिळवल्यास इसवी सन मिळतो, अर्थात वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ धरावे लागतात. झिजलेला लेख भर उन्हात दिसत नाही. संध्याकाळी बाजूने विजेरीचा झोत टाकला की खाचांत सावली भरते आणि अक्षरे उठतात. ठसा घेताना ओला कागद दगडावर पसरून ब्रशने ठोकतात, तो खाचांत बसला आणि थोडा सुकला की वरून शाई देतात. कागद उचलल्यावर काळ्यावर पांढरी अक्षरे हाती येतात.

वाई तालुक्यात चंदन–वंदन किल्ल्यांच्या पायथ्याशी असलेले किकली हे गाव वीरगळांसाठी प्रसिद्ध आहे. भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात ते एकत्र मांडून ठेवलेले आहेत, आणि एकाच ठिकाणी इतके दगड शेजारी-शेजारी पाहायला मिळाल्यामुळे शैलीतला फरक तिथे लगेच डोळ्यांत भरतो: कुठे अप्सरांचे दागिने बारकाईने कोरलेले, तर कुठे नुसत्या उठावाच्या बाहुल्या. छत्रपती शाहू महाराजांची (निधन १५ डिसेंबर १७४९) समाधी माहुलीच्या संगमावर आहे आणि तिच्याविषयी कागदपत्रेही बोलतात. किकलीच्या या माणसांसाठी दगडाशिवाय दुसरा कागद नाही.

म्हणूनच शिळेची मूळ जागा महत्त्वाची ठरते. वेशीवरचा वीरगळ धाडीकडे, देवळापुढचा दानाकडे किंवा मानाकडे बोट दाखवू शकतो, मात्र तो हलवला की ही खूण पुसली जाते. जीर्णोद्धारात फरशी बसवताना अनेक शिळा सिमेंटमध्ये उभ्या केल्या जातात आणि सर्वांत खालची चौकट, जिथे मरणाचे कारण कोरलेले असते, तीच नेमकी जमिनीखाली जाते. काही शिळा ओट्याच्या पायरीला वा धुण्याच्या दगडाला लागल्या आहेत. शेंदूर फासलेला वीर म्हसोबा किंवा वेताळ म्हणून पुजला जातो, त्यामुळे तो टिकतो खरा, पण थरांखाली कोरीव काम बुजते आणि ऑइलपेंट दिल्यास ठसाही घेता येत नाही. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी शिल्पे आणि शिलालेख पुरावशेष ठरतात, त्यामुळे असा दगड देशाबाहेर नेणे गुन्हा आहे. गावातल्या गावात तो पायरीला लावला गेला, तर मात्र बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.