बुडबुड्यांचं माहेर

शॅम्पेनला उंच, अरुंद 'फ्लूट' ग्लास, रेड वाइनला मोठ्या पोटाचा ग्लास, व्हिस्कीला जाड बुडाचा. हे कोष्टक आता नाशिकच्या वाइन टेस्टिंगला जाऊन आलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. त्यामागचं कारण मात्र अनेकदा भलतंच सांगितलं जातं: जिभेच्या टोकाला गोड कळतं, कडांना आंबट, मागे कडू, म्हणून ठरावीक आकाराचा ग्लास वाइन जिभेच्या 'योग्य' जागी सोडतो. जिभेचा हा नकाशा खोटा आहे. १९०१ साली हेनिग या जर्मन शास्त्रज्ञाने जिभेच्या भागाभागांत किरकोळ फरक नोंदवले होते. पुढे त्या फरकांच्या पक्क्या हद्दी आखल्या गेल्या आणि त्या पाठ्यपुस्तकांतही शिरल्या. प्रत्यक्षात जिथे रुचिकलिका आहेत तिथे सगळ्या चवी कळतात. या नकाशाच्या जोरावर महागडे ग्लास विकणं म्हणजे राशीचे खडे विकण्यासारखंच आहे.

ग्लासाच्या आकाराने फरक पडतो, पण मुख्यतः नाकाला. २०१५ साली टोकियोत कोजी मित्सुबायाशी आणि सहकाऱ्यांनी ग्लासावर तरंगणारी अल्कोहोलची वाफ कॅमेऱ्यात टिपली. १३ अंश सेल्सियसच्या वाइनवर, वाइनच्या ग्लासात, ही वाफ काठालगत कड्यासारखी जमली होती आणि मध्यभागी विरळ होती. म्हणजे तिथे नाक नेलं तर अल्कोहोलचा झोंबरेपणा कमी आणि वाइनचा गंध मोकळा. सरळ ग्लासात आणि मार्टिनीच्या पसरट ग्लासात असं कडं दिसलं नाही.

मला खरी भुरळ पडते ती शॅम्पेनच्या बुडबुड्यांची. बंद बाटलीत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ६ पट दाब असतो आणि ७५० मिलिलिटरमध्ये जवळजवळ ९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. मोकळा केला तर तो ५ लिटरच्या आसपास भरेल. बूच उडालं की हा वायू बाहेर पडायला आतुर असतो, तरीही द्रवाच्या मधोमध बुडबुडा आपोआप तयार होत नाही. अडवतो तो पृष्ठताण. बुडबुड्याभोवतीचा द्रव त्याला सतत आवळत असतो आणि त्रिज्या निम्मी झाली की हा आवळणारा दाब दुप्पट होतो. त्यामुळे अगदी इवला बुडबुडा जन्मतानाच चिरडला जातो, त्यातला वायू पुन्हा विरघळतो. शॅम्पेनमध्ये टिकून वाढायचं तर सुरुवातीलाच साधारण ०.२ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येची तयार पोकळी लागते. साध्या काचेचा खडबडीतपणा त्याहून बारीक असतो.

मग ती पोकळी येते कुठून? फ्रान्समधल्या रँस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर यांनी वेगवान कॅमेऱ्याने याचा माग काढला. बहुतेक बुडबुडे जन्मतात ते पुसायच्या फडक्यातून किंवा हवेतून ग्लासात आलेल्या सेल्युलोजच्या तंतूंवर. तंतू आतून पोकळ असतो. शॅम्पेन ओतताना त्या नळीत थोडी हवा अडकून राहते. विरघळलेला वायू त्या हवेत शिरत राहतो, ती फुगत फुगत तंतूच्या टोकाशी येते, तिचा तुकडा तुटून बुडबुडा वर निघतो आणि उरलेली हवा आत पुढच्याची तयारी करते. एका सेकंदात असे कितीतरी. नीट पाहिलं तर बुडबुड्यांच्या या माळेतले मणी वर जाताना मोठे होतात आणि एकमेकांपासून लांब पडत जातात, कारण वाटेतही वायू आत शिरतो आणि मोठा बुडबुडा जास्त वेगाने चढतो. काही ग्लासांच्या तळाशी लेझरने मुद्दाम ओरखडे काढतात, ते माळ हमखास दिसावी म्हणूनच.

हे घरी पाहायला दारू लागत नाही. दोन सारखे काचेचे ग्लास चांगले धुऊन उपडे निथळू द्यावेत. मग एकच आतून कोरड्या सुती फडक्याने घासावा आणि दोन्हींत थंड सोडा ओतावा. फडकं फिरलेल्या ग्लासात माळा जास्त दिसतील.

उरला प्रश्न, फ्लूट की 'कूप' नावाचा पसरट ग्लास? कूपमध्ये द्रव उथळ आणि पृष्ठभाग मोठा, त्यामुळे वायू लवकर उडून जातो. फ्लूटमध्ये तो टिकतो, पण अरुंद तोंडापाशी इतका साचतो की नाकाला झिणझिण्या येतात आणि गंध हरवतो. म्हणून मी ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास निवडेन: पोट जरा रुंद, तोंड किंचित आवळलेलं. आणि ओतताना तो बिअरसारखा तिरका धरावा. लिजे-बेलेर यांच्याच गटाने २०१० साली मोजून दाखवलं की सरळ ग्लासात वरून ओतण्यापेक्षा तिरक्या ग्लासाच्या भिंतीवरून ओतल्यास विरघळलेला वायू जास्त वाचतो, आणि शॅम्पेन जितकी थंड तितकं हे नुकसान आणखी कमी.