पार्श्वभूमी : जमिनीखालची केबल आणि कोकणातली ओल

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकले, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगतून गेले. त्यानंतर कोकणात 'तारा जमिनीखालून न्या' ही मागणी जोर धरून आहे. ती रास्तच आहे. पण मातीखाली वाऱ्याची जागा पाणी घेते, आणि ११ किंवा २२ केव्हीची (हजार व्होल्टची) केबल किती वर्षे टिकणार हे बरेचसे तेच ठरवते.

जुन्या कागद-तेलाच्या केबलवर शिशाचे कवच असे. १९६० च्या दशकात एक्सएलपीई, म्हणजे रेणू एकमेकांत जोडलेल्या पॉलिथिलीनचे इन्सुलेशन आले. पीव्हीसी ७० अंशांपर्यंत चाले, हे ९० पर्यंत. पॉलिथिलीनला पाणी काय करणार, या भरवशावर शिसे गेले. अमेरिकेत तर बऱ्याच केबलींना बाहेरचे जॅकेटही दिले नव्हते. ही काटकसर फार महागात पडली. इन्सुलेशनमध्ये एखादी सूक्ष्म पोकळी किंवा कचऱ्याचा कण असला, तिथे ओल पोहोचली आणि विजेचा दाब चालू राहिला, की त्या जागेपासून ओलसर फांद्या फुटतात. यालाच वॉटर ट्री म्हणतात. तो वर्षानुवर्षे वाढतो आणि साध्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणावर) बहुधा कळतही नाही. मग वळवाच्या विजांत एक सर्ज (दाबाचा क्षणिक उसळा) येतो आणि केबल पंक्चर होते.

त्यात सुरुवातीला क्युअरिंग, म्हणजे पॉलिथिलीनचे रेणू जोडून ते पक्के करणे, वाफेवर होई, म्हणजे ओल कारखान्यातूनच आत येई. पुढे नायट्रोजनमधले कोरडे क्युअरिंग, तिन्ही थरांचे (इन्सुलेशन आणि त्याच्या आतबाहेरचे अर्धवाहक थर) एकत्र एक्स्ट्रूजन, म्हणजे साच्यातून एकदमच दाबून काढणे, आणि १९८० च्या दशकात वॉटर ट्रीची वाढ रोखणारे ट्री-रिटार्डंट कंपाउंड आले.

वाद उरतो तो इथे : सुधारित कंपाउंडवर भागवायचे, की पाणी अडवणारी फुगणारी टेप आणि धातूचा पातळ थरही घ्यायचा? दुसऱ्या पर्यायाला मीटरमागे जास्त पैसे पडतात, म्हणून निविदेत तो पहिल्यांदा गळतो. घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या माळावर हे चालूनही जाईल. खाजणात, भातखाचरात आणि खाडीकाठी चर चार महिने पाण्यात असतो, खाऱ्या मातीत जस्ताचा मुलामा असलेले आर्मरही (केबलभोवतीचे पोलादी चिलखत) गंजते. तिथे दोन्ही हवे.

तेवढ्यानेही भागत नाही. कापलेले टोक कॅपशिवाय पावसात राहिले तर पाणी तारेच्या पेडांमधून लांबवर शिरते. वाळूऐवजी जांभ्याचे तुकडे टाकून चर बुजवला की बाहेरचे आवरण फाटते. म्हणूनच चर भरल्यावर, केबलमध्ये वीज सोडण्याआधी, शीथची (या बाहेरच्या आवरणाची) चाचणी करारातच लिहून घ्यायला हवी.