टीव्हीवरच्या शाळेत मुलगी कुठे बसली?

शाळेवरच्या मालिकांचा विषय निघाला की मला आमचा हजेरीपट आठवतो. आधी सगळ्या मुलांची नावं, मग मुलींची. गॅदरिंगला बाकं उचलायची पोरांनी, रांगोळी काढायची पोरींनी. हे कोणी ठरवलं, असं एरंडोल-पारोळ्याकडच्या आमच्या शाळेत कोणी विचारलं नाही. टीव्हीवरची शाळाही बरीच वर्षं अशाच हजेरीपटावर चालली.

दूरदर्शनवर 1980च्या दशकात शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ आली. तिच्यातल्या स्वामीच्या दोस्तांत मुलगी नाहीच. मूळ कथांचा काळच तसा, त्याला दोष देता येत नाही. पण गणिताची धास्ती, मास्तरांची छडी, परीक्षा संपल्यावरचा मोकळा श्वास, हे सगळं आम्हा मुलींनी एका मुलाच्या डोळ्यांनी पाहिलं. नंतर मराठीत ‘गोट्या’. 1996मध्ये सोनीवर ‘जस्ट मोहब्बत’ सुरू झाली, तिच्याही मधोमध जय नावाचा मुलगाच.

खरा बदल 1998चा. झी टीव्हीवरची ‘हिप हिप हुर्रे’ बारावीच्या वर्गाची गोष्ट होती आणि दिग्दर्शन नूपुर अस्थाना या बाईचं होतं. एकच नायक नव्हता, अख्खा वर्ग होता. मुलींनाही स्वतःची भांडणं, स्वतःची स्वप्नं होती. मला ती मालिका अजून जवळची वाटते. पण झी म्हणजे केबल. तालुक्याला केबल आली तरी आमच्या खेड्यात छपरावर अँटेनाच होता. मी ती मावशीकडे जळगावला, सुटीत, तुकड्यातुकड्यांनी पाहिली.

2004च्या ‘रीमिक्स’मध्ये मुली पुढे आल्या, पण ठरावीक साच्यांत: नटणारी टिया आणि बंडखोर अन्वेषा. मालिका अर्जेंटिनाच्या ‘रेबेल्दे वे’वरून घेतलेली, शाळा बड्या घरच्या मुलांची. अहिराणी बोलणारी, दोन वेण्या घातलेली मुलगी तिथे शोधूनही सापडली नसती.

आता बाहेरचं एक उदाहरण. कॅनडातली ‘डिग्रासी ज्युनियर हाय’ 1987मध्ये सुरू झाली. तिच्या निर्मात्यांपैकी लिंडा श्युलर स्वतः शाळेत शिकवलेल्या. त्या मालिकेतल्या स्पाइकला चौदाव्या वर्षी दिवस जातात. गोष्ट तिथे संपत नाही. तिचं बाळ, तिचा अभ्यास, लोकांची बोलणी आणि बाळाच्या बापाची जबाबदारी हे सगळं पुढे चालत राहतं. 2001च्या नव्या मालिकेत स्पाइकची मुलगी एमा विद्यार्थिनी म्हणून आली. मुलीच्या आयुष्याचा इतका लांब माग काढणारी शालेय मालिका आपल्याकडे मी पाहिलेली नाही.

आणि आपल्याकडे माग काढावा असं काय कमी आहे! आंडोरला, म्हणजे मुलाला, सायकल आणि आंडेरला, म्हणजे मुलीला, ‘संध्याकाळच्या आत घरी ये’. दहावीचा निकाल लागायच्या आतच सोयरीक घेऊन आलेले पाहुणे. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो. माझ्या वर्गातल्या कित्येक जणींची शाळा त्या एका कागदावर टिकली. मात्र पास असला तरी गाडी वेळेवर यावी लागते. शेवटची चुकली की दुसऱ्या दिवशी आई घरीच बसवायची. मालिकेतल्या मुली शाळा सुटल्यावर गेटबाहेर गप्पा मारत उभ्या असायच्या, आणि मी घड्याळ पाहायची: यांची गाडी किती वाजताची?