शेवटल्या काळाची भाकिते : ख्रिस्ती अर्थविवरण

ख्रिस्ताचे पुनरागमन, मेलेल्यांचे पुनरुत्थान, सर्वांचा न्याय आणि नवे आकाश व नवी पृथ्वी यांविषयी बायबलमध्ये जे सांगितले आहे, त्याचा अर्थ लावण्याची ख्रिस्ती परंपरा. जुन्या करारातले दानीएल, यहेज्केल आणि जखऱ्या, मत्तय २४, मार्क १३ व लूक २१ मधले येशूचे बोलणे, थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेली दोन पत्रे आणि नव्या कराराचे शेवटचे पुस्तक ‘योहानाला झालेले प्रकटीकरण’ हा तिचा मुख्य आधार. या विषयाला मराठीत ‘अंतकाळ’ही म्हणतात. पण मराठी कानाला अंतकाळ म्हणजे एखाद्या माणसाची शेवटची घटका, म्हणून या नोंदीत ‘शेवटला काळ’ हा शब्द वापरला आहे.

दोन बायबल, दोन शब्द

भाषांतरातला एक शब्द बदलला की भाकिताचा अर्थ कसा बदलतो, हे इंदुरात चांगले दिसते. इंदूर हे होळकरांचे शहर. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी ही इथल्या मराठी माणसाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनरी इथे १८७७ मध्ये आले, १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज निघाले, आणि १९७० मध्ये उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कॅथलिकांचा इंदूर धर्मप्रांत १९५२ चा. त्याचे कॅथेड्रल शहरात ‘रेड चर्च’ म्हणूनच ओळखले जाते. या शहरात मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या हाती सहज दोन बायबल येतात : उपासनेला हिंदी आणि घरातल्या प्रार्थनेला मराठी. भाकितांच्या बाबतीत या दोन भाषांतरांमधला फरक फार बोलका आहे, आणि तो दोन्ही वाचणाऱ्यालाच दिसतो.

हिंदीच्या जुन्या रूढ भाषांतरात ‘भविष्यद्वक्ता’ आहे. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात त्याच जागी ‘संदेष्टा’ आहे. पहिला शब्द ऐकला की मन पुढे काय होणार याकडे धावते. दुसऱ्यात कुणीतरी निरोप पाठवला आहे, कुणीतरी तो आणला आहे आणि कुणाला तरी तो पोचायचा आहे. यशया, यिर्मया, आमोस यांचे बहुतेक बोलणे समोरच्या लोकांशी आहे : खोटी वजने वापरू नका, विधवेला नाडू नका, वळा. पुढच्या काळाविषयी ते सांगतात तेही या बोलण्याच्या ओघात. प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे, की शेवटल्या काळाच्या भाकितांचा अर्थ लावताना होणाऱ्या निम्म्या चुका संदेष्ट्याला भविष्यवेत्ता मानल्यामुळे होतात. निरोप आधी ज्याला पाठवला त्याचा असतो. त्याला तो कसा कळला असेल हे न विचारता आपल्या वर्तमानपत्राशी तो ताडून पाहणे म्हणजे दुसऱ्याचे पत्र फोडून त्यात आपले नाव शोधणे.

असेच मत्तय २४:३ चे. शिष्य विचारतात ते हिंदीत ‘जगत के अन्त’ विषयी, मराठीत ‘युगाच्या समाप्ती’विषयी. मूळ ग्रीक शब्द ‘आयोन’, म्हणजे काळाचा मोठा पट्टा. ‘युग’ त्याला अधिक जवळचा. मात्र मराठी वाचकाला ‘युग’ म्हटले की कलियुग आठवते. पुराणांतल्या गणनेप्रमाणे ते ४,३२,००० वर्षांचे. त्याच्या शेवटी कल्की पांढऱ्या घोड्यावर येणार आणि पुन्हा सत्ययुग सुरू होणार. प्रकटीकरणाच्या १९ व्या अध्यायातही पांढऱ्या घोड्यावरचा स्वार आहे, त्यामुळे शेजारीपाजारी दोन्ही एकच असल्याचे म्हणणे सहज निघते. चित्रे जवळची आहेत, काळाची कल्पना निराळी. युगांचे चाक फिरत राहते. बायबलमधला काळ एकदाच सुरू होतो आणि एकदाच पूर्णत्वाला जातो.

प्रकटीकरण १३ मध्ये समुद्रातून वर येणारे ते हिंदीत ‘पशु’ आणि मराठीत ‘श्वापद’. गाय-बकरीही पशूच, श्वापद म्हणजे फाडून खाणारे. ग्रीक ‘थेरिऑन’चा अर्थ हाच, आणि त्याच्यासमोर उभा आहे तो ‘कोकरा’, म्हणजे ख्रिस्त. श्वापद आणि वधलेला कोकरा यांच्या सामन्यात कोकरा जिंकतो, ही त्या पुस्तकाचा कणा असलेली प्रतिमा मराठीत अधिक ठसठशीत उमटते.

अर्थ लावण्याच्या वाटा

प्रकटीकरण वाचण्याच्या चार वाटा रूढ आहेत. पहिलीनुसार त्यातले बहुतेक पहिल्या शतकातच घडून गेले. श्वापद म्हणजे रोमचे साम्राज्य. दुसरीला ते ख्रिस्ती इतिहासाचा सलग नकाशा वाटते. तिसरीच्या मते चौथ्या अध्यायापासून पुढचे जवळजवळ सारे अजून व्हायचे आहे. चौथी त्यात कोणत्याही काळी लागू पडणारा चांगल्या-वाइटाचा संघर्ष पाहते.

पहिल्या वाटेचे बळ प्रकटीकरणात श्वापदाचा म्हणून दिलेल्या ६६६ या आकड्यात दिसते. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असे, जशी आपल्याकडे कटपयादी पद्धतीत असते. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमचा सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले तर ५०, २००, ६, ५०, १००, ६०, २०० यांची बेरीज ६६६ येते. नावातला शेवटचा ‘न’ गाळून लॅटिन धर्तीवर ‘नेरो’ लिहिले तर ६१६. काही प्राचीन हस्तलिखितांत ६१६ हाच आकडा आहे, आणि दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती आचार्य इरेनियस यालाही तो पाठ ठाऊक होता, जरी त्याने तो चुकीचा ठरवला. एकाच नावाच्या दोन लेखनांतून दोन्ही आकडे निघावेत, हा पुरावा बाजूला सारता येत नाही. मोबाइल नंबर, बारकोड, ओळखपत्रे यांत ६६६ शोधणाऱ्याने आधी ही बेरीज करून पाहावी. आशिया या रोमन प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांना हे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवले जाणार होते. ऐकणाऱ्यांना ओळखता येईल असाच तो आकडा होता.

दानीएलचे पुस्तकही असेच आधी आपल्या काळात उभे राहते. दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या डोक्याचा आणि लोखंड-मातीच्या पावलांचा पुतळा, सातव्यात चार श्वापदे, नवव्यात सत्तर सप्तके (एक सप्तक बहुधा सात वर्षांचे धरतात). परंपरेने ते इ.स.पू. सहाव्या शतकातले मानले. आजचे बहुसंख्य अभ्यासक त्याचे अंतिम रूप इ.स.पू. १६५ च्या सुमाराचे मानतात, म्हणजे सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस चौथा याने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केल्यानंतर लगेचचे. मंदिरातल्या त्या विटंबनेलाच दानीएलमध्ये ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ म्हटले आहे. येशूने तेच शब्द पुन्हा उच्चारले, आणि इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीतस याच्या सैन्याने मंदिर जाळले. एकदा पूर्ण झालेले भाकीत पुन्हा एकदा खरे ठरू शकते, असे मानणारे इथेच बोट ठेवतात. ते म्हणणे विचार करण्यासारखे आहे. मात्र त्यासाठी पहिली पूर्ती नीट समजून घ्यावीच लागते.

दुसऱ्या, इतिहासाच्या नकाशाच्या वाटेवर प्रॉटेस्टंट सुधारकांनी रोमच्या पोपपदाला ख्रिस्तविरोधी, म्हणजे शेवटल्या काळी येणारा ख्रिस्ताचा शत्रू, ठरवले. प्रेस्बिटेरियनांच्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात, ते स्पष्ट शब्दांत होते. पुढे अनेक मंडळ्यांनी ते वाक्य वगळले किंवा सैल केले. या वाटेचा मुख्य आधार म्हणजे ‘एक दिवस म्हणजे एक वर्ष’ हा गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ यांवरून काढलेला नियम. बाराव्या शतकातला इटालियन मठाधिपती फिओरेचा योआकिम याच्या अनुयायांनी प्रकटीकरणातल्या १२६० दिवसांवरून १२६० हे साल धरले. ते आले आणि गेले. न्यूटननेही दानीएल व प्रकटीकरण यांवर वर्षानुवर्षे काम केले. ते १७३३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. ही भाकिते माणसाचे कुतूहल भागवण्यासाठी दिलेली नाहीत, असे या गणितज्ञाने त्यात बजावले आहे.

सर्वांत जिव्हारी लागलेला हिशेब अमेरिकेतल्या विल्यम मिलर या शेतकऱ्याचा. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस त्याने वर्षे धरली आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजली. बेरीज १८४३ येते, पण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, शून्य साल नसते, म्हणून ती १८४४ झाली. अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला. काहींनी शेतातले पीक तसेच सोडले. दिवस मावळला, रात्र सरली, काही झाले नाही. त्या निराशेतून जे सावरले त्यांच्यातल्या एका गटातून सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी १८६३ मध्ये संघटित झाली. या लोकांना हसणे सोपे आहे, पण ते मनापासून वाट पाहत होते. चूक वाट पाहण्यात नव्हती, तारखेत होती. तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्क १३:३२ मध्ये खुद्द येशू सांगतो, आणि तारीख काढणारा प्रत्येक जण हे वचन ओलांडूनच पुढे जातो. इंदूरपासून दीड तासावर उज्जैन आहे, भारतीय ज्योतिर्गणिताची मध्यरेखा तिथून गेलेली. मुहूर्त पाहून कार्य ठरवणाऱ्या या मुलखात शास्त्राकडे तारीख मागितली जाणे स्वाभाविक आहे. हे शास्त्र ती देत नाही.

हजार वर्षे

प्रकटीकरण २० मध्ये सैतान हजार वर्षे बांधला जातो आणि ख्रिस्ताचे लोक त्याच्याबरोबर राज्य करतात. पुनरागमन या राज्याच्या आधी होणार, असे इरेनियससारख्या आरंभीच्या आचार्यांचे म्हणणे. पाचव्या शतकात ऑगस्टीन या आचार्याने ही हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून चाललेला चर्चचाच काळ, असा अर्थ लावला आणि पश्चिमेत तोच रूढ झाला. १९९२ ची कॅथलिक धर्मशिकवणही इतिहासाच्या आतच अशा राज्याची अपेक्षा करणे नाकारते. सुवार्तेच्या प्रसाराने जग सुधारत जाईल आणि मग ख्रिस्त येईल, हे तिसरे मत एकोणिसाव्या शतकातल्या मिशनच्या उत्साहाशी जुळणारे होते. पहिल्या महायुद्धानंतर ते मागे पडले.

वर घेतले जाणे

आज फोनवर येणाऱ्या हिंदी-मराठी प्रवचनांत सर्वांत जास्त ऐकू येते ते जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) या ब्रिटिश धर्मोपदेशकाच्या शिकवणीतून आलेले चित्र. ख्रिस्त आधी गुपचूप येऊन आपल्या लोकांना वर घेईल, मग सात वर्षांचे मोठे संकट, मग उघड पुनरागमन. दानीएलच्या सत्तर सप्तकांतले शेवटचे सप्तक बाकीच्यांपासून तोडून पुढे ढकलल्यावरच ही सात वर्षे मिळतात. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमध्ये या मताच्या टिपा वचनांच्या पानावरच छापल्या गेल्या. वाचणाऱ्याला वचन कुठे संपते आणि टीप कुठे सुरू होते हे लक्षात राहिनासे झाले. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यावर या मताला आणखी जोर चढला.

याचा आधार १ थेस्सलनीकाकरांस ४:१७. विश्वासणारे मेघांत घेतले जातील आणि अंतराळात प्रभूला सामोरे जातील. ‘सामोरे जाणे’ला इथे ग्रीक शब्द ‘अपांतेसिस’ आहे. नगराकडे येणाऱ्या राजाला भेटायला नगरवासी वेशीबाहेर जात आणि त्याला मिरवत आत आणत, त्या जाण्याला हा शब्द वापरला जाई. प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये रोमचे बंधू पौलाला घ्यायला शहराबाहेर येतात आणि तो त्यांच्याबरोबर रोमला जातो, तिथे हाच शब्द. दहा कुमारींच्या दाखल्यात मध्यरात्री नवऱ्यामुलाला सामोरे जा अशी हाक येते, तिथेही हाच. मराठी घरात हे समजावून सांगावे लागत नाही. सीमांतपूजनात मुलीकडचे वराला सामोरे जातात, पाय धुतात, ओवाळतात, आणि त्याला घेऊन कार्यालयात येतात. सामोरे गेलेली मंडळी वराबरोबर निघून गेली आणि मांडव ओस पडला, असे होत नाही. पौलाचे वाक्य असे वाचले तर विश्वासणारे प्रभूला घेऊन पृथ्वीकडे वळतात, आणि पृथ्वी सोडून पळण्याची कल्पना गळून पडते. एका शब्दावर संपूर्ण सिद्धांत उभा राहत नाही किंवा पडतही नाही, आणि डार्बीच्या बाजूने याला उत्तरेही दिली गेली आहेत. तरीही प्रस्तुत लेखकाला हाच अर्थ अधिक सरळ वाटतो. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायातही नवे यरुशलेम आकाशातून खाली उतरते, नवऱ्यासाठी सजलेल्या नवरीसारखे.

त्याच थेस्सलनीकात काही जण कामधंदा सोडून बसले होते. प्रभूचा दिवस येऊन ठेपला या समजुतीने ते तसे वागत असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. पौलाने त्यांना दुसऱ्या पत्रात बजावले, की ज्याला काम करायला नको त्याने खायलाही मागू नये.

उपासनेत

वादांपेक्षा उपासनेतच हा विषय अधिक टिकून आहे. येशू जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येईल, हे विश्वासांगीकारात अनेक मंडळ्या म्हणतात. कॅथलिक पंचांगात वर्ष संपत येते तसे नोव्हेंबरात शेवटल्या काळाविषयीचे पाठ लागतात, आणि नाताळाआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात गोठ्यातल्या जन्माइतकेच पुनरागमनाचेही वाचन होते. पौलाच्या १ करिंथकरांस पत्राच्या शेवटी पहिल्या मंडळीची एक अरामी प्रार्थना जशीच्या तशी राहिली आहे : मारानाथा. जुन्या हस्तलिखितांत शब्द सुटे लिहीत नसत. ‘मारान अथा’ असे तोडले तर ‘आमचा प्रभू आला आहे’, ‘माराना था’ असे तोडले तर ‘हे आमच्या प्रभू, ये’. प्रकटीकरणाच्या शेवटच्या ओळींत ‘ये, प्रभू येशू’ अशी हाक आहे, म्हणून दुसरी फोड अधिक मानली जाते. पहिलीही व्याकरणात बसते.