पार्श्वभूमी: कादंबरी शंभर हातांत, मानधन एकदाच

कोकणात प्रणयकादंबरी विकत घेणारे थोडेच. ती वाचनालयातून यायची, नाहीतर गणपती-दिवाळीला येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, म्हणजे मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' (१८५७) येण्याच्याही आधीचं. या वाचनवेडाचा मला अभिमान आहे, पण लेखकाची कमाई अडते ती इथेच. खाकी कव्हर घातलेली एक प्रत वर्षानुवर्षं घरोघर फिरते. लेखकाच्या वाट्याला त्या एकाच विक्रीचे पैसे. ब्रिटनमध्ये १९७९च्या कायद्याने वाचनालयातल्या वाचनाचाही मोबदला लेखकाला मिळतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

त्यातही शृंगारिक लिहिणाऱ्याला टक्केवारी मिळेलच असं नाही. बाड एकरकमी द्यायचं, हक्क सोडायचे. पुढे आवृत्त्या कितीही निघोत. दहा टक्के रॉयल्टी धरली, तरी दोनशे रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती खपल्यावर वीस हजार होतात, आणि हजार प्रती खपायला कधी कधी काही वर्षं जातात.

शिवाय खटल्याची भीती. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा १९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली. उच्च न्यायालयाने ती अश्लील ठरवून त्यांना २५ रुपये दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं ते १९६९ साली. दंड पंचवीस रुपयांचा, पण त्यापायी लेखकाची सात वर्षं गेली, आणि ती कुठल्याच मानधनात धरलेली नसतात. याच कोकणातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे कथाकार नव्हते. लैंगिक शिक्षणासाठी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवताना त्यांनीही असेच खटले सोसले.

एकरकमी व्यवहाराला पहिला खरा लगाम घातला तो कॉपीराइट कायद्यातल्या १९९४च्या दुरुस्तीने. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं आता कायदा मानतो. पण ही दुरुस्ती लागू होण्यापूर्वी झालेल्या करारांना तिचा आधार नाही, आणि एकरकमी विकलेली कितीतरी बाडं त्याच काळातली.

आता गुहागरची एखादी लेखिका टोपणनावाने थेट ई-बुक काढू शकते. किंडलवर किमान ३५ टक्के वाटा तिचा, म्हणजे शंभर रुपयांच्या पुस्तकामागे साधारण पस्तीस रुपये. छापील प्रतीवर दहा टक्क्यांनी दहाच मिळाले असते.